बिनपाण्याचा बंब

नारळी पुनव झाली की मी तो पडवीत ओढून आणते.
अकरा पात्यांचा, मूळचा पांढरा,
ब्रॅडफर्डहून न्हावाशेवामार्गे दाभोळात उतरलेला
रेडिएटर.
खोक्याच्या फळ्या उचकटल्या त्या दिवशी
सुलेमान तांडेल म्हणाला,
याकूब, घामाच्या गावात शेगडी आणलीस ती आणलीस,
चहा तरी होतो का हिच्यावर?
तेव्हापासून नाव पडलं: बिनपाण्याचा बंब.

हसले ते सगळे आषाढात येऊन गेले.
कुणाच्या बाळाची दुपटी, कुणाचा शाळेचा गणवेष,
एकदा तर पोस्टमनची खाकी पँट,
आणि पोस्टमन आमच्या पडवीत याकूबची लुंगी नेसून
तासभर, पत्रांची थैली मांडीवर घेऊन.
आठ आठ दिवस काही वाळत नाही इथे.
वीज असेल तर हा वाळवतो.

म्हणून डाग.
ओल्या शिवणींचा गंज, पात्यांवरून ओघळलेला.
कुठल्याशा टायचा निळा.
नणंदेच्या गुडघ्याला बांधायच्या फडक्याची हळद.
खाली चाकांपाशी कुणीतरी एकदा
सादळलेले बोंबील कडक करायला ठेवले होते,
कोणी ते अजून कुणी कबूल केलं नाही,
वास मात्र दरवर्षी कबूल होतो.

सोलांचं पाणी तांब्याला चालतं, याला नाही.
पहिल्या वर्षी रात्रभर लावून ठेवलं
तर सकाळी रंगाचा पापुद्राच सुटला,
आणि याकूब दोन दिवस
ताटातला भात नुसता इकडून तिकडे सारत होता.
आता खायचा सोडा, कोमट पाणी,
गंजावर रॉकेलचा बोळा, तोही हलक्या हाताने,
आणि पात्यांमधल्या फटीत, जिथे बोट जात नाही तिथे
कोंबड्याच्या शेपटीचं पीस.

आज तो धोपाव्याच्या फेरीने पलीकडे गेलाय,
गुहागरला, डोळे दाखवायला.
म्हणून आज माथ्यावरचा पत्रा घेतला.
तिथे तो हात लावू देत नाही,
म्हणतो, राहू दे, तिथलं आहे ते.
तिथलं म्हणजे चहाचं गोल वळं, तपकिरी, कपाएवढं,
हे मला ठाऊक होतं.
सोडा लावला, पुसलं, पुन्हा लावलं.
वर्षांची मळी निघाली, वळं काही निघेना.
उलट त्याच्या कुशीला
दुसरं वळं दिसू लागलं,
जरा लहान, पहिल्याला किंचित चिकटलेलं.

एकोणीस वर्षं.
दर महिन्याला पैसे, ईदला फोन,
खोलीत एकटाच असतो म्हणायचा.
मी घासत राहिले.
ते आता रंगाच्या आत गेलेलं,
आजूबाजूचं जितकं पांढरं होत गेलं
तितकी ती दोघं ठसठशीत.
स्वच्छ करायला गेले
आणि उजळून ठेवलं.

चारच्या फेरीने तो आला.
डोळ्यांत औषध, सगळं धूसर दिसतं म्हणाला,
तरी सरळ पडवीत गेला,
पत्र्यावर तळहात ठेवला,
जसा ताप बघायला ठेवतात.
मी काहीच विचारलं नव्हतं.
मी बादली उचलत होते.

पावेल, तो म्हणाला.
रात्रपाळीचा. बेकरीत भट्टीवर होता.
सकाळी दोघं एकदमच सुटायचो,
कप इथे ठेवून हात शेकायचो.
चार चमचे साखर घ्यायचा, वेडा.
आणि पाय धुवायला विहिरीकडे गेला.

नाव कुणीही कुणालाही देऊ शकतं.
चार चमच्यांवर मात्र माझा विश्वास बसला.

बादलीतलं पाणी मी माडाच्या आळ्यात ओतलं.
रेडिएटर जुन्या लुंगीत गुंडाळायचा,
वर सुंभ बांधायचा, माळ्यावर चढवायचा,
हे उद्या.
आज तो पडवीतच राहू दे,
दोन कपांची जागा
तशीच उघडी.